दमट हवेत लेपर्ड गेको: आठ महिन्यांच्या वापरानंतर कोणतं सामान कामाला आलं, कोणतं नाही

मांडणी अशी: ९०×४५×४५ सेंटिमीटरची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली खरबरीत टाइल, तीन हाइड म्हणजे लपायच्या जागा (उबदार, ओलसर, थंड), वरून उष्णता देणारा सिरॅमिक हीटर, पल्स थर्मोस्टॅट (वीज थांबून-थांबून देत तापमान राखणारा) आणि प्रोबवाले, म्हणजे वायरच्या टोकाला संवेदक असलेले, दोन डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे). प्राणी एकच, पूर्ण वाढलेला लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पालीची एक जात. आठ महिन्यांपैकी निम्मे दिवस खोलीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के होती, त्यामुळे हा अनुभव मुख्यतः तेवढ्याच प्रश्नाचा आहे.

टाकीत ३० ते ४० टक्के आर्द्रता ठेवा, असं सगळीकडे सांगतात. लेपर्ड गेको मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला, म्हणून आकडा बरोबरच आहे. पण खोलीतच ८० टक्के असेल आणि टाकीला जाळीचं झाकण असेल, तर आत ३५ टक्के येणं शक्य नाही. आतबाहेर हवा एकच असते. मग लोक झाकण बंद करतात, कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. झाकण बंद केलं की पाण्याच्या वाटीतली आणि विष्ठेतली ओल आतच कोंडते, आणि पुडी फाटून दाणे गेकोच्या तोंडात जाण्याचा धोका वेगळाच. जनावर आजारी पडतं ते थंड, ओल्या आणि साचलेल्या हवेने. हायग्रोमीटरचा आकडा एकटा फारसं काही करत नाही. यातलं थंड आणि साचलेलं, ही दोन आपल्या हातात आहेत.

उष्णतेचं गणित इथे उपयोगी पडतं. २७ अंशांची ८० टक्के आर्द्र हवा तीच ठेवून ३२ अंशांपर्यंत तापवली, तर सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची ते सामावण्याची क्षमता वाढते. म्हणूनच दमट हवेत हीट मॅटपेक्षा (टाकीखाली ठेवायची तापणारी चटई) वरून तापवणारा हीटर सरस ठरला. मॅटने टाइल तापते, पोटाला ऊब मिळते, पण टाकीतली हवा जवळपास खोलीइतकीच राहते. मॅट वापरायचीच असेल तर तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, आणि टाकी पायांवर उचलून. नाहीतर मॅट आणि टेबलाच्या मध्ये उष्णता कोंडून काच तडकू शकते.

थर्मोस्टॅट ही या यादीतली एकमेव वस्तू जिच्यावर काटकसर करू नये. सिरॅमिक हीटरला पल्स प्रकार चालतो. हॅलोजन दिवा लावला तर डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) प्रकारच हवा, पल्सवर दिवा लुकलुकत राहतो. उबदार हाइडखालच्या टाइलचं तापमान ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २४ ते २६, रात्री २१-२२ पर्यंत उतरलं तरी निरोगी प्राण्याला चालतं. मात्र रात्री खूप दमट असेल तर आम्ही २४ च्या खाली जाऊ देत नाही.

बिघाड झाला तो थर्मोस्टॅटचा प्रोब काचेला धरून ठेवणाऱ्या रबरी चकतीत. दमट हवेत ती काचेवरून सुटते, प्रोब थंड बाजूला लोंबतो, थर्मोस्टॅटला वाटतं टाकी गार आहे आणि हीटर पेटता राहतो. यातून प्राणी भाजतो. चिकटपट्टी लावू नका. ती सुटली की कातडीला चिकटते, आणि ओढून काढली तर कातडी सोलते. प्रोबची वायर सिलिकॉनच्या ठिपक्याने टाइलला पक्की करा, सिलिकॉन पूर्ण वाळून वास गेल्यावरच प्राणी आत सोडा. हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवाच. आठवड्यातून एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरने टाइल तपासली की प्रोब खोटं बोलतोय का ते कळतं.

हायग्रोमीटरबद्दल: काटेवाले गोल डबे घेऊ नयेत. डिजिटलही घेतल्याबरोबर तपासावा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ओल्या वाळूइतकंच दाट होईल एवढे पाण्याचे थेंब, मीठ विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत आठ ते बारा तास. आत ७५ टक्के दिसायला हवेत. आमच्या दोनपैकी एक ८१ दाखवत होता. तेव्हापासून त्याच्या आकड्यातून ६ वजा करतो. प्रोब पाण्याच्या वाटीशेजारी ठेवला तर तो वाटीचीच आर्द्रता मोजतो, टाकीची नाही.

हवा हलती ठेवायला संगणकातला ८० मिलिमीटरचा छोटा पंखा उबदार बाजूच्या जाळीवर, पण हीटरपासून दूर, हवा बाहेर खेचेल असा उलटा ठेवला. आठ महिन्यांत काचेवर दव जवळपास दिसलं नाही. आत फुंकणारा पंखा नको, झोत थेट अंगावर जातो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. खोलीच ३१ अंशांवर गेली की थर्मोस्टॅट हीटर लावतच नाही, टाकी दमट राहते आणि थंड बाजू नावापुरती उरते. अशा दिवसांत एसी २६-२७ वर, हाच खरा उपाय. डीह्युमिडिफायर ओल काढतो, पण खोलीत उष्णताही सोडतो. एसी बंद केल्यावर बाहेरची ओली हवा गार काचेवर दव धरते, म्हणून त्या तासाभरात पंखा चालूच ठेवावा.

जमिनीसाठी माती-वाळूचं मिश्रण दिसायला सुंदर. दमट हवेत त्याचा खालचा थर वाळतच नाही, पोट सतत ओलं राहून कातडीला संसर्ग होतो. नारळाचा भुसा तर पाणी धरूनच ठेवतो. टाइल बरी, फक्त दर आठवड्याला उचलून खाली पुसा. फटीतून गेलेली ओल तिथे बुरशी धरते. बाहेरून बघता टाकी लख्ख दिसते आणि वास मात्र येतो, तो इथूनच.

हवा दमट आहे म्हणून ओलसर हाइड काढून टाकायचा, ही चूक बरेच जण करतात. गेको बराच वेळ उबदार, म्हणजे कोरड्या बाजूला असतो आणि कात सुटायला त्याला ७०-८० टक्क्यांची बंद जागा लागतेच. फरक एवढाच की स्फॅग्नम मॉसऐवजी (एक प्रकारचं शेवाळ) ओला करून पिळलेला टिश्यू पेपर वापरावा आणि दोन दिवसांनी बदलावा. मॉस दमट हवेत आठवडाभरात आंबूस होतं. कात टाकल्यावर प्रत्येक बोट बघा. बोटावर राहिलेलं कातीचं कडं रक्तपुरवठा आवळतं आणि बोट गळून पडतं. २८-३० अंशांच्या सेंटिमीटरभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करून ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवावं. डोळ्यावर अडकलेली कात मात्र पशुवैद्यानेच काढावी.

कॅल्शियम पावडरचं झाकण टाकीत ठेवलं की दोन दिवसांत त्याचा दगड होतो. चिमूटभरच ठेवा, बदलत राहा. मोठा डबा घट्ट बंद, जीवनसत्त्वं आणि डी३ असलेली पावडर उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवावी. किडे पावडरसह पिशवीत घालून हलवायचे ते खायला देण्याच्या मिनिटभर आधी; आधीच माखून ठेवले तर पावडर ओलसर होऊन गळते. क्रिकेट (रातकिडे) दमट डब्यात भराभर मरतात आणि वास मारतात, डुबिया झुरळं त्या मानाने सोशिक. मीलवर्म अळ्यांच्या कोंड्यात गाजराचा तुकडा दिवसभराहून जास्त ठेवला की बुरशी आणि माइट (अगदी बारीक कोळीसारखे किडे) आलेच.

दर आठवड्याला किचनच्या वजनकाट्यावर वजन घेतो. नाकपुडीवर बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, श्वासात टकटक आवाज, पोटावर तपकिरी किंवा लालसर ठिपके, शेपूट बारीक होणं किंवा दहा टक्के वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर उबदार बाजू ठरलेल्या तापमानाला आहे याची खात्री करा, ओलसर वस्तू बाहेर काढा आणि त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. उरलेलं प्रतिजैविक स्वतःच्या अंदाजाने देऊ नका.

पुन्हा घ्यायचं झालं तर टाकी, हीटर, थर्मोस्टॅट आणि पंखा हेच घेऊ. लाकडी व्हिव्हेरियम (प्राण्याची लाकडी पेटी) नाही, कडा फुगतात. यूव्हीबीची (अतिनील किरणांची) कमी ताकदीची नळी मात्र पहिल्या दिवसापासून लावू.