पायाचं रक्त अडतंय कुठे: धमनीत की शिरेत?

धमनी चोंदली की रक्त खाली पोचतच नाही. पाऊल गार लागतं, कातडी पातळ आणि चकचकीत होते, नडगीवरचे केस झडतात, नखं जाड होतात. जखम होते ती बोटांच्या टोकाला किंवा टाचेला. कोरडी, खोल, प्रचंड दुखणारी. पाय उचलून धरला तर पांढरा पडतो, खाली सोडला की लालभडक. आपल्या सावळ्या कातडीवर हा फिकेपणा लपतो, म्हणून तळवा आणि नखांखालचा रंग बघावा.

शिरांच्या झडपा निकामी झाल्या तर उलटं: रक्त वर चढत नाही. पाय ऊबदार, पण संध्याकाळी सुजलेला. मोजा काढला की वळ राहतो. घोट्याच्या आतल्या बाजूला वर तपकिरी डाग, खाज, मग उथळ, पाझरणारी जखम. तासन्‌तास उभं राहणाऱ्यांत हे फार दिसतं.

घट्ट पट्टी शिरांच्या दुखण्यात गुणकारी. धमनीच्या दुखण्यात तीच पाय घालवू शकते. म्हणून पट्टीआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं तर धमनीचा आजार धरतात. मधुमेहात मात्र कडक धमन्यांमुळे हा आकडा फसवतो.