मशीन फिरल्यावर वाढलेला आकडा

हेअर ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं तेव्हा मला एकच काळजी होती: गोटा करावा लागेल का? चारचौघांत बोभाटा न होता काम उरकायचं होतं. चार ठिकाणी विचारलं. तिघांनी सरळ सांगितलं, पूर्ण डोकं साफ करावं लागेल. चौथ्या ठिकाणच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, "छे हो! मागे फक्त एक पट्टी काढू. वरचे केस त्यावर पडले की शेजारी बसलेल्यालाही कळणार नाही." मला ऐकायचं होतं नेमकं तेच त्या बोलल्या. मी तिथेच अ‍ॅडव्हान्स भरून आलो.

बरं, त्या धादांत खोटं बोलल्या असंही नाही. एफयूई पद्धतीत मागच्या भागातून एकेक मूळ जेमतेम एक मिलिमीटरच्या पंचने काढतात. केस लांब असला की पंचमध्ये गुंततो आणि मूळ कुठल्या कोनात आहे ते नीट दिसत नाही, म्हणून तिथले केस एक-दोन मिलिमीटरवर आणतात. काम लहान असेल तर तेवढा पट्टा भादरून भागतं. पुढचे केस कापलेच पाहिजेत असं नाही. काम मोठं असेल तर मात्र सगळं डोकं साफ असलेलं टीमला सोयीचं पडतं, वेळही वाचतो. माझं ठरलं होतं २,००० ग्राफ्टचं, म्हणजे अशी काढून पुढे लावायची २,००० मुळं.

ठरलेल्या दिवशी सकाळी पोचलो. "डॉक्टर येईपर्यंत तयारी करून घेऊ," म्हणत एका पोराने मानेपासून मशीन लावलं. पट्टी म्हणता म्हणता मशीन कानांच्या वर गेलं, तिथून टाळूवर. मी हात वर केला तर म्हणतो, "हलू नका सर, वाकडं जाईल." निळ्या एप्रनवर माझ्या मांडीएवढ्या जागेत केसांचा ढीग जमला. डॉक्टरांचा अजून पत्ता नव्हता, कपाळावर हेअरलाइनची रेघसुद्धा आखलेली नव्हती.

मग बाई कागद घेऊन आल्या. "आता खरं टक्कल दिसतंय बघा. ३,२०० लागतील. नाहीतर मध्ये विरळ राहील." पैसे ग्राफ्टच्या हिशोबाने, म्हणजे बिल दीडपटीच्याही वर. मी आरशात पाहिलं. उठून जावं तर असा गोटा घेऊन कुठे जाणार? मी सही केली. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच!

त्यांचं म्हणणं अर्धं खरं असतं, तीच तर मेख आहे. बारीक होत चाललेले केस लांब केसांत लपतात हे खरं. पण ते आधी कळायला मशीन लागत नाही. केस ओले करून, भांग पाडून, डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहिलं की कळतं. माझी तशी तपासणी झालीच नव्हती आणि मीही मागितली नव्हती.

डॉक्टर आले, दहाएक मिनिटं थांबले, रेघ मारून गेले. बाकी सगळं टेक्निशियननी केलं. ग्राफ्ट मोजताना बघू का, विचारलं, तर "स्टरायल एरिया आहे" असं उत्तर मिळालं.

तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने फोनवर जवळून फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून, अर्थातच डोक्याला न टेकवता. बारीक बारीक खपल्या स्पष्ट दिसत होत्या, एका ग्राफ्टला एक. एका चौरस सेंटिमीटरमध्ये ३८ भरल्या, इतर दोन ठिकाणीही तेवढ्याच. लावलेली जागा साधारण ४५ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर १,७००च्या आसपास. मग ३,२०० कुठे गेले? एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन धरा. म्हणजे त्यांनी केस मोजले आणि बिल ग्राफ्टचं लावलं, असा माझा तरी हिशोब निघतो. एक केसाचे किती, दोनाचे किती, तीनाचे किती, असा तपशील लेखी मागितला. आलेल्या कागदावर एकच ओळ: "ग्राफ्ट ३,२००." आणि मी सही केलेल्या फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं होतं, संख्या अंदाजे.

तुम्ही जाणार असाल तर खुर्चीत बसायच्या आधी रेघ आखून घ्या, आकडा आणि डोक्याचा कोणता भाग भादरणार ते लिहून घ्या, आणि डॉक्टर समोर उभे असल्याशिवाय मशीन लावू देऊ नका. गोटा करायला माझी आता काही हरकत नाही. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, दोनेक महिन्यांत लोक विसरतात. लावलेले केस मात्र पहिल्या महिन्यातच गळतात आणि नवे दिसायला तीन-चार महिने जातात, तेव्हा घाबरू नका.

केस आले, हे नाकारणार नाही. परवा बाईंचा मेसेज आला, "सर, तुमचा आधीचा आणि नंतरचा फोटो भिंतीवर लावू का?" आधीचा म्हणून त्यांनी सोबत जो पाठवला होता, तो मशीन फिरवून झाल्यावरचा होता.