विद्युत मोटारीला टो-बार बसवताना: रेडिंगजवळच्या एका वर्कशॉपचा अनुभव

आमच्या मराठी मंडळाचे ढोल, ताशे, ध्वज आणि गणपतीच्या मखराचे सामान वर्षभर एका सभासदाच्या गॅरेजमध्ये असते, आणि जुलैपासून सराव सुरू झाला की दर रविवारी ते भाड्याच्या सभागृहात न्यावे आणि परत आणावे लागते. गेली काही वर्षे आम्ही त्यासाठी व्हॅन भाड्याने घेत होतो आणि वर्गणीतला बराच पैसा त्यातच जात होता. या वर्षी एका सभासदाने आपला जुना, झाकण असलेला, स्वतःचे ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर मंडळाला देऊन टाकला, आणि तो ओढण्याची जबाबदारी मी घेतली. माझी गाडी ह्युंदाई आयोनिक ५ आहे, मोठ्या बॅटरीची. तिला टो-बार, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवायची पट्टी आणि गोळा, बसवून आता चार महिने झाले आहेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि असाच विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वर्कशॉप शोधण्याआधी आपल्या गाडीला ट्रेलर ओढण्याची मान्यता आहे का, हे पाहावे. सगळ्याच विद्युत मोटारींना ती नसते. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्यांना ती नाही. फोक्सवॅगन आयडी ३ च्या मागे सायकली टांगण्याचा सांगाडा लावता येतो, परंतु ट्रेलर ओढता येत नाही. गाडीच्या दारापाशी असलेल्या ओळखपट्टीवर गाडीचे कमाल वजन आणि त्याखाली गाडी व ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन छापलेले असते. ही दुसरी जागा रिकामी असेल किंवा तिथे शून्य असेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही, मग बाजारात तिच्यासाठी कितीही टो-बार विकायला असोत. माझ्या गाडीला ब्रेक असलेला १६०० किलोचा आणि ब्रेक नसलेला ७५० किलोचा ट्रेलर चालतो, तर टो-बारच्या गोळ्यावर उभा भार १०० किलोपर्यंत चालतो. आमचा ट्रेलर पूर्ण भरला तरी ४५० किलोच्या पुढे जात नाही, त्यामुळे प्रश्न आला नाही. परवान्याचे नियमही आता सोपे झाले आहेत: १६ डिसेंबर २०२१ पासून इथला साधा मोटारीचा परवाना असणाऱ्याला ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो.

मी तीन ठिकाणी दर विचारले. पहिल्या ठिकाणी फोनवरच्या गृहस्थांनी फक्त गाडीचा क्रमांक विचारला, सर्वात कमी किंमत सांगितली आणि वायरिंगसाठी कोणत्याही गाडीला चालणारा सर्वसाधारण संच बसवू असे म्हटले. दुसरा दर गाडीच्या विक्रेत्याकडचा होता. चौकशीअंती कळले की ते हे काम बाहेरच्याच फिटरकडून करून घेतात आणि त्यावर आपला हिस्सा लावतात. तिसरे, मी निवडलेले वर्कशॉप रेडिंगच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत आहे. ते राष्ट्रीय ट्रेलर व टोइंग संघटनेचे सभासद आहेत, आणि विद्युत मोटारींवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला फिटर त्यांच्याकडे आहे. त्याचे प्रमाणपत्र मी न मागता त्यांनी दाखवले. काढता येणाऱ्या मानेचा (म्हणजे गोळा धरणाऱ्या वाकड्या दांड्याचा) टो-बार, ट्रेलरच्या दिव्यांसाठी गाडीसाठीच बनवलेले तेरा पिनांच्या प्लगचे वायरिंग, कोडिंग (गाडीच्या संगणकात त्याची नोंद) आणि कर धरून मला ९४० पौंड खर्च आला. ही रक्कम लहान नाही. परंतु तिचा मोठा भाग लोखंडासाठी नसून वायरिंग आणि कोडिंगसाठी असतो, आणि तिथे काटकसर करू नये असे माझे ठाम मत झाले आहे.

काम सकाळी साडेआठला सुरू झाले आणि फिटरने मला सुरक्षित अंतरावरून पाहू दिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विद्युत मोटारीत बॅटरी दोन्ही आसांच्या मध्ये, तळाशी सपाट पसरलेली असते. म्हणून गाडी लिफ्टवर घेताना आधाराचे पाय नेमून दिलेल्या कडांवरच बसले पाहिजेत. ते बॅटरीच्या आवरणाखाली गेले तर होणारे नुकसान टो-बारच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. फिटरने चारही ठिकाणी खाली वाकून, विजेरी लावून खात्री केली आणि मगच गाडी वर उचलली. नंतर गाडी बंद करून, चावी दूर ठेवून त्याने १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीची जोडणी सोडवली. उच्च दाबाच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात; या संपूर्ण कामात त्यांना हात लावावा लागत नाही, पण त्या कुठून जातात हे फिटरला माहीत असलेच पाहिजे, कारण मागच्या मोटरमुळे त्या भागात जागा मोकळी दिसत असली तरी ती मोकळी नसते.

मागचा बंपर उतरवला, त्यामागची धडक झेलणारी मूळ आडवी पट्टी काढली आणि तिच्या जागी टो-बारची जाड पट्टी चासीच्या दोन्ही भुजांना बोल्टने आवळली. कुठेही नवे छिद्र पाडावे लागले नाही. कारखान्यातून आलेल्या छिद्रांतच सगळे बोल्ट बसले. प्रत्येक बोल्ट निर्मात्याच्या पत्रकात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळून त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली. तळाचे प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र थोडे कापावे लागले. ते कापताना संचातला कागदी साचा लावला होता आणि कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. आज मान काढून ठेवली की गाडीला टो-बार आहे हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरा कस पुढच्या तीन तासांत लागला. जुन्या गाडीत ट्रेलरचे दिवे मागच्या दिव्यांच्या तारेला जोडून मोकळे होता येत असे. आताच्या गाडीतले नियंत्रक प्रत्येक दिव्याकडे जाणारा प्रवाह मोजत असतात. त्याच तारेवर ट्रेलरच्या दिव्यांचा भार टाकला की दिवा बिघडल्याची सूचना येते किंवा दिवाच बंद केला जातो. त्यामुळे वेगळे मॉड्यूल लागते, जे वीज स्वतंत्र फ्यूजमधून १२ व्होल्टच्या बॅटरीतून घेते आणि ब्रेक, वळणदिवा, मागचा दिवा यांचे संदेश गाडीच्या डेटावाहिनीवरून वाचते. गाडीसाठीच बनवलेले वायरिंग असेल आणि संगणकात तशी नोंद, म्हणजे कोडिंग, केले असेल, तरच ट्रेलर जोडला आहे हे गाडीला समजते. मग ती मागचे पार्किंग सेन्सर थांबवते, गाडीचा मागचा धुक्याचा दिवा बंद ठेवून ट्रेलरचा लावते, आणि ट्रेलर डोलू लागला तर चाकांना वेगवेगळे ब्रेक लावून त्याला सावरण्याची व्यवस्था जागी करते. सर्वसाधारण संचाने दिवे लागतात, परंतु ही शेवटची गोष्ट मिळत नाही, आणि मुलांना मागे बसवून मोटारवेवर जाणाऱ्या माणसाला तीच सर्वात महत्त्वाची आहे.

इथेच या वर्कशॉपची एक उणीव सांगितली पाहिजे. संध्याकाळी गाडी ताब्यात देताना त्यांनी सर्व दिवे चाचणीच्या पेटीवर तपासून दाखवले, पण प्रत्यक्ष ट्रेलर जोडून पाहिला नाही. मी घरी येऊन आमचा ट्रेलर जोडला आणि मागे घेऊ लागलो तर सेन्सर अखंड वाजू लागले, म्हणजे गाडीला ट्रेलर ओळखता येत नव्हता. मी फोन केला तेव्हा त्यांनी टाळाटाळ केली नाही. तिसऱ्या दिवशी बोलावले, कोडिंगचा एक टप्पा अपुरा राहिला होता हे स्पष्ट शब्दांत मान्य केले, आणि चाळीस मिनिटांत, पैसे न घेता, या वेळी माझाच ट्रेलर जोडून ते पूर्ण केले. चूक झाली याचे मला दुःख आहे, कारण ती न कळता मी महिनोन्‌महिने स्थैर्यव्यवस्थेविना ट्रेलर ओढला असता. ती ज्या तऱ्हेने दुरुस्त झाली त्यामुळे माझा विश्वास टिकला. आमच्या जुन्या ट्रेलरचा प्लग सात पिनांचा असल्याने त्यांनी जोडणीचा अडॅप्टर त्याच वेळी भेट दिला.

कागदपत्रे व्यवस्थित मिळाली. १ ऑगस्ट १९९८ नंतर प्रथम वापरात आलेल्या मोटारीला मान्यताप्राप्त टो-बारच बसवावा लागतो, म्हणून त्याच्यावरील मान्यतेच्या पट्टीचे छायाचित्र मी काढून ठेवले. विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे. माझा हप्ता वाढला नाही. ट्रेलरवर ओढणाऱ्या गाडीचाच क्रमांक लावावा लागतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. साधारण १००० मैलांनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासायला त्यांनी विनामूल्य बोलावले होते, आणि तो तपासताना पांढऱ्या खुणा जागच्या हललेल्या नव्हत्या.

ओढण्याचा अनुभव फार चांगला आहे. सुमारे दोन टनांची गाडी, खाली बसलेले वजन आणि थांब्यावरूनच मिळणारा जोर यांमुळे मागे ट्रेलर आहे हे सभागृहाच्या चढावरही जाणवत नाही. उतारावर गाडी मोटरच्या साहाय्याने वेग रोखते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते, ही ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी मोठी सोय आहे. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा रोध कमी मिळतो, म्हणून सरावाच्या दिवशी मी ती ८० टक्क्यांवरच ठेवतो. दर युनिटमागे एरवी ३.६ मैल मिळतात, ढोलांनी भरलेल्या ट्रेलरसह ते २.५ वर येतात. ट्रेलरसह मोटारवेवर ताशी ६० मैल ही मर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक मार्गिका असतील तर सर्वात उजवीकडच्या मार्गिकेत जाता येत नाही.

अडचण चार्जिंगची आहे. या गाडीचा चार्जिंगचा दरवाजा मागच्या बाजूला आहे आणि बहुतेक जागा एका मोटारीपुरत्या आखलेल्या असतात, म्हणून गाडी उलटी लावावी लागते आणि त्याआधी ट्रेलर सोडून कडेला उभा करावा लागतो. गणेशोत्सवाच्या विसर्जनाला आम्ही किनाऱ्यापर्यंत गेलो तेव्हा हे दोनदा करावे लागले, आणि दोन्ही वेळा दोन तरुण ढोलवादक ट्रेलरजवळ उभे राहिले. ट्रेलर न सोडता सरळ आत जाऊन पुढून बाहेर पडता येईल अशा चार्जिंगच्या जागा इथे अजून फार थोड्या आहेत, त्यामुळे दीर्घ प्रवासासाठी टो-बार घेणाऱ्याने आधी मार्गावरच्या जागा पाहून घ्याव्यात.

मंडळातल्या आणखी एका सभासदाची विद्युत मोटार पुढच्या महिन्यात याच वर्कशॉपमध्ये जाणार आहे. गाडी देण्यापूर्वी प्रत्यक्ष ट्रेलर जोडून, मागे घेऊन, सेन्सर थांबतात का ते दाखवा, ही अट आम्ही त्यांना आधीच लेखी कळवली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.