गेट्सची ८५ नंबरची जर्सी: दुकानाला पाच स्टार, जर्सीला साडेचार

आधीच सांगतो, लांबण लागणार आहे. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांचं काम शीर्षकातच झालंय.

२००९ ला नोकरीसाठी सॅन डिएगोला आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसमधला एकजण मिशन व्हॅलीच्या जुन्या स्टेडियमवर मॅचला घेऊन गेला, तिथे मी त्याला विचारलं की हा ८५ नंबरवाला नक्की कोणाच्या बाजूचा आहे, कारण एका बॉलला समोरच्याला नुसता ढकलतोय आणि पुढच्याच बॉलला वीस यार्ड पळून कॅच घेतोय. तो हसला आणि म्हणाला, टाइट एन्ड. अर्धा हमाल, अर्धा हिरो. (हमाल हा माझा शब्द, त्याने जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) बाकी पाच जाडजूड लाइनमन जे असतात त्यांना साधारणपणे पास पकडायची परवानगीच नसते, हा त्यांना चिकटून उभा राहतो म्हणून टाइट, पण ह्याला मात्र परवानगी असते, म्हणून समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही की हा आता धडक मारणार का पळणार. मला तेव्हाच तो आवडला. अँटोनियो गेट्स, आमच्या सॅन डिएगो चार्जर्स टीमचा. त्या सीझनला त्याने ११५७ यार्ड काढले होते, पण मला तेव्हा यार्ड म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं.

तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कँटनला तो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला, सोनेरी कोट घालून उभा राहिलेला टीव्हीवर बघितला आणि ठरवलं, बास, आता जर्सी घ्यायचीच.

पहिला प्रयत्न फसला. एक ऑनलाइन साइट, नाव घेत नाही, ३५ डॉलरला मिळत होती म्हणून हावरटासारखी मागवली. तीन आठवड्यांनी आली. चार्जर्सचा पावडर ब्लू म्हणजे छान आकाशी रंग असतो, हिचा रंग दवाखान्यातल्या पडद्यासारखा, खांद्यावरची वीज (टीमचं चिन्ह) एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक, आणि नंबर नुसता छापलेला. दोन धुण्यात आठाचं निम्मं अंग सोलून गेलं. बायको म्हणाली, "अरे, आता हा कोण, ३५ नंबरचा?" रिटर्नसाठी मेल केला, उत्तर नाही. सोडून दिलं.

मग ऑफिसमधल्या त्याच माणसाने हे दुकान सांगितलं. जुन्या जर्सी, जुने प्रोग्रॅम, तिकिटं असलं सगळं विकणारं छोटं दुकान, बाहेरून बघितलं तर घड्याळ दुरुस्तीचं वाटेल. मालक सत्तरीचे असतील. मी मनात त्यांना काकाच म्हणत होतो. आत गेलो आणि म्हटलं गेट्सची जर्सी हवी, तर किंमत नाही, साइझ नाही, थेट विचारलं, "कुठल्या वर्षाची?"

मी गप्प. जर्सीला वर्ष असतं हे मला कुठे माहीत.

तर असतं. चार्जर्सनी २००७ ला युनिफॉर्म बदलला, त्यामुळे त्याच्या आधीचा गेट्स वेगळा दिसतो आणि नंतरचा वेगळा. काकांनी दोन्ही काढून काउंटरवर पसरल्या आणि त्या जर्सींवर बोट ठेवत ठेवत त्याचं सगळं करिअर सांगितलं, मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळत होती तरी. ह्या बाबतीत दुकानाला पाच स्टार.

बऱ्याच गोष्टी मला माहीत होत्या पण सलग कधी ऐकल्या नव्हत्या. गेट्स कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलाच नाही. एकही मॅच नाही. तो बास्केटबॉलवाला, ओहायोच्या केंट स्टेटचा, २००२ ला त्या टीमने मोठमोठ्या कॉलेजांना हरवून शेवटच्या आठात धडक मारली होती. पण सहा फूट चार इंच उंची त्याच्या जागेसाठी एनबीएला कमी पडते म्हणे (आपण कुठे लपायचं मग), म्हणून तो फुटबॉलकडे वळला. २००३ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) सात राउंड झाले, कोणीही त्याचं नाव घेतलं नाही, ड्राफ्टनंतर चार्जर्सनी उचलला. आणि दुसऱ्याच सीझनला, २००४ ला, १३ टचडाउन (बॉल घेऊन समोरच्याची गोललाइन ओलांडली की एक), टाइट एन्डसाठी तेव्हाचा एका सीझनचा रेकॉर्ड. पुढे २०११ ला ग्रॉन्कोव्स्की नावाच्या दुसऱ्या टाइट एन्डने १७ कॅच टचडाउन करून तो मोडला ते सोडा.

हे जमलं कसं तर बास्केटबॉलमुळेच. रिबाउंडला कसं असतं, समोरच्याला पाठीवर घ्यायचं, ढुंगण मागे काढून जागा धरायची आणि बॉल सगळ्यात उंच असताना हवेत धरायचा. गोललाइनजवळ जिथे पळायला जागाच नसते तिथे गेट्स नेमकं हेच करायचा. त्याला अडवणाऱ्यांपैकी मधल्या फळीचे लाइनबॅकर त्याच्यापुढे हळू आणि मागच्या फळीचे सेफ्टी त्याच्यापुढे चिमुकले. टोनी गोन्झालेझ हा दुसरा मोठा टाइट एन्डसुद्धा कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला, पण तो फुटबॉलही खेळायचा. नुसत्या बास्केटबॉलवरून येऊन एवढं मोठं झालेला गेट्सच, म्हणून माझं मत त्याच्याच बाजूला पडतं, कॅच गोन्झालेझचे १३२५ आणि ह्याचे ९५५ असले तरी.

अर्थात टचडाउनमध्ये ह्याने त्याला मागे टाकलं. गोन्झालेझचे १११, गेट्सचे ११६. तो एकशे बारावा २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मायामीविरुद्ध आला आणि नेमकं तेव्हा टीम सॅन डिएगो सोडून लॉस एंजेलिसला गेली होती, तिथली ती पहिली होम मॅच. चौदा सीझन इथे घालवले आणि रेकॉर्ड तिकडे. हे सांगताना काका जर्सीची घडी घालायला लागले, मी विषय बदलला.

दुकानातली एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. चार्जर्सच्याच बाकीच्या हिरोंपैकी, बॉल घेऊन पळणाऱ्या टॉमलिन्सनच्या २१ नंबरच्या जर्सींची अख्खी रांग, लाइनबॅकर सेऊच्या ५५ ची एक, बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅक रिव्हर्सच्या १७ ची एक, आणि गेट्सच्या फक्त ह्या दोन. टॉमलिन्सनने २००६ ला ३१ टचडाउन केले, आजही रेकॉर्ड आहे, रांग बरोबरच आहे. पण त्यातल्या कितीतरी वेळा त्याच्यासाठी वाट मोकळी करायला खाली कोण आपटत होतं? लोक म्हणतात गेट्सचं ब्लॉकिंग काही भारी नव्हतं, नसेल, पण करत तर होता, आणि ब्लॉकचा आकडा कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाही. आपल्याकडे विकेटकीपरचं तसंच, पन्नास केले तर फोटो, नव्वद ओव्हर उठाबशा काढल्या त्याचं काही नाही. पैशातही तेच. २०१४ ला जिमी ग्रॅहॅम नावाचा टाइट एन्ड भांडला होता की मी बहुतेक वेळा लाइनपासून लांब उभा राहून कॅचच घेतो, मला वाइड रिसीव्हर (कडेला उभा राहून पास पकडणारा) धरा, कारण रिसीव्हरचा टॅग, म्हणजे टीमने खेळाडूला एक वर्ष धरून ठेवायचा ठरलेला पगार, १२ मिलियन डॉलरच्या वर आणि टाइट एन्डचा सातच्या आसपास. लवाद म्हणाला, टाइट एन्डच. माणूस तोच, नावात पाच मिलियन गेले.

असो, जर्सी. मी २००७ च्या आधीची पावडर ब्लू घेतली, २००४ वाली. १४० डॉलर, टॅक्स वेगळा. नंबर कापडातून कापून शिवलेले, उलट्या बाजूने बघितलं तर टाक्यांची ओळ सरळ, कुठे दोरा लोंबत नाही. वीज दोन्ही खांद्यांवर सारखी. कापड जाड जाळीचं, उन्हात गरम होतं पण फाटणार नाही. सहा वेळा धुतली, उलटी करून, थंड पाण्यात, दोरीवर वाळवली, अजून जशीच्या तशी. ड्रायरमध्ये टाकू नका, काकांनी दोनदा बजावलं आणि बायकोला फोनवर तिसऱ्यांदा.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, डांबरगोळ्यांचा वास, पहिले चार दिवस कपाटातल्या सगळ्या कपड्यांना लागला. दोन, फिटिंग. ही खांद्यावर पॅड चढवून घालायची म्हणून कापलेली असते, आपण पॅडशिवाय घातली की खांदे कोपरापर्यंत येतात आणि माणूस हँगरवर लावल्यासारखा दिसतो. नेहमी ४८ लागत असेल तर ४४ घ्या. मी ४८ घेतली. काका नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही.

हां, आणि कोणी म्हणेल की सुपर बोल (सीझनची फायनल) न खेळलेल्या माणसावर १४० डॉलर कशाला. खरंय, नाही खेळला. सगळ्यात जवळ गेले ते २००८ च्या जानेवारीत, पेट्रियट्सविरुद्ध, २१-१२ ने हरले. त्या मॅचला गेट्स पायाचा अंगठा निखळलेला असताना उतरला होता आणि रिव्हर्स गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना. तुम्ही पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅक ब्रेडीची घ्या, माझं काही म्हणणं नाही.

पार्किंग रस्त्यावरच, शनिवारी मिळत नाही. कार्ड चालतं. निघताना सहज विचारलं की लॉस एंजेलिसच्या दोन सीझनची गेट्सची जर्सी आहे का तुमच्याकडे. काका म्हणाले, आहे, मागच्या खोलीत, कोणी मागितली तरच काढतो. मग बिल हातात देताना माझ्याकडे बघून, "काढू?"

नको म्हटलं.