बोनेट की हूड, डिकी की ट्रंक?

भाचा अमेरिकेतनं आलाय, पोवई नाक्याजवळ गाडी गरम झाली तर मिस्त्रीला म्हणतो हूड उघडा, मिस्त्री बघतोय माझ्याकडं. आपलं इंग्रजी ब्रिटिशांकडचं, म्हणून बोनेट, पेट्रोल, इंडिकेटर. तिकडं हूड, गॅस, टर्न सिग्नल. गॅस म्हटलं की आपल्याला सिलिंडरच आठवतो राव, त्यामुळं माझं मत ब्रिटिश शब्दांनाच. खरं डिकी लंडनलाबी चालत नाय, तिथं बूट म्हणत्यात (पायातला नव्हं), अमेरिकेत ट्रंक. आणि स्टेपनी? दोन्हीकडं स्पेअर म्हणावं लागतं, आणि गंमत म्हणजे ते नाव वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरनं आलंय, १९०४ ला तिथं हे जादा चाक निघालं, तिकडं लोक शब्द विसरले आणि आपण खंबाटकीत अजून स्टेपनीच बदलतोय.