घरातली पेडल मशीन: पासष्टीपुढे कितपत कामाची?

2020च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि नागपुरातल्या अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सवरची ज्येष्ठांची सकाळची फेरी एका दिवसात थांबली. इतरांना हळूहळू मोकळीक मिळाली, पण पासष्टीवरच्यांनी घरातच राहावं ही सरकारी सूचना पुढे कितीतरी महिने कायम होती. मार्च 2021मध्ये नागपूर 15 ते 21 तारखेला पुन्हा बंद झालं. त्या काळात मुलांनी आईबाबांसाठी मागवलेल्या पेडल मशीनी आज बऱ्याच घरांत दिवाणाखाली पडून आहेत. दोष निम्मा मशीनचा, निम्मा ती चुकीची मांडण्याचा.

खुर्चीत बसून पायांनी फिरवायची ही वस्तू साधी आहे: घडीचा लोखंडी सांगाडा, पट्टे असलेली दोन पेडलं, ताण वाढवायचा नॉब आणि एक छोटा मीटर. किंमत साधारण दीड ते अडीच हजार.

मुख्य तक्रार एकच, मशीन सरकते. पाय पुढे रेटतात आणि हलका सांगाडा गुळगुळीत टाइल्सवर तसाच पुढे पळतो. कूलरसमोरची ओलसर फरशी तर आणखी वाईट. खाली योगा मॅट घाला (सतरंजी नको, तीच घसरते) आणि मशीनचा मागचा दांडा खुर्चीच्या पुढच्या पायांना सुतळीने बांधा. खुर्ची जड लाकडी, पाठ भिंतीला टेकलेली, बैठक दीड फुटाच्या आसपास. पेडल सर्वांत दूर गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. तो ताठ होत असेल तर मशीन जवळ ओढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुडघ्यामागे कळ येते.

जोडताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, सायकलसारखेच. नेहमीच्या दिशेने जोर लावला की आटे जातात आणि पेडल गळून पडतं. नॉबखालची पट्टी आसावर घासून ताण देते, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत मधला भाग चांगलाच तापतो. लगेच हात लावू नका. मीटरवरच्या कॅलरी सोडून द्या. त्याला तुमचं वजनच माहीत नाही. वेळ तेवढी बघा.

पहिल्या आठवड्यात ताण न लावता दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत पंधरापर्यंत. बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत दम लागला की पुरे. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता खरी उणीव. निरोगी ज्येष्ठांना 10 दिवस अंथरुणात ठेवलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास 1 किलोने घटले होते. घरकोंडी म्हणजे अंथरूण नव्हे, पण घसरण त्याच बाजूची. ती भरून काढायला शरीराचं वजन पायांवर यावं लागतं, आणि इथे ते खुर्चीवरच राहतं. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा. दुसरा भाग ही मशीन देत नाही. म्हणून सोबत हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठाबसा करा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात 30 सेकंदांत पुरुषांच्या 12 किंवा बायकांच्या 10 पेक्षा कमी झाल्या, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणंही जमवा.

फेरीनंतरच्या तर्री पोह्यांची आणि गप्पांची भरपाई टीव्हीसमोर पेडल मारून होत नाही. निदान मशीन फाटकाकडे तोंड करून ओसरीत तरी मांडा.

धडधाकट चालता येणाऱ्याने फक्त मे महिन्यासाठी घ्यावी, पारा 45वर गेल्यावर. गुडघा बदललेल्यांना फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेल तर जरूर. सीताबर्डीतल्या दुकानातून घेणार असाल तर ज्येष्ठांना सोबत न्या, त्यांना खुर्चीवर बसवून पाच मिनिटं चालवायला लावा आणि मगच पैसे द्या.