कॉल कोणत्या शाखेत वळवायचा: नंबर बघून, विचारून की ओळखीवर?

समजा, ठिबक आणि पाणबुडी मोटरींचा तुमचा धंदा आहे. शाखा तीन: नांदेड, लातूर, संभाजीनगर. जाहिरातीत नंबर एकच द्यायचाय आणि कॉल मात्र जवळच्या शाखेत जायला हवा. क्लाउड टेलिफोनीवाले, म्हणजे इंटरनेटवरून कॉल वळवून देणाऱ्या कंपन्या, याचे तीन मार्ग सांगतात.

पहिला, नंबरवरून ठिकाण ओळखायचा. ऐकायला झकास, आपल्याकडे मात्र कुचकामी. लँडलाइन असेल तर ठीक, 02462 म्हणजे नांदेड आणि 02382 म्हणजे लातूर. पण मोटर जळाल्यावर शेतातून लँडलाइन कोण लावतो? मोबाइलच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कळतं ते फार तर टेलिकॉम सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेला भलामोठा विभाग. आणि मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र, वर गोवा, एकाच सर्कलमध्ये येतो. सिस्टिमच्या लेखी उदगीर काय नि पणजी काय! त्यात 2015 पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. हैदराबादला कामाला असताना सिम घेतलेला देगलूरचा माणूस गावी परतला, तरी तुमच्या पडद्यावर तो आंध्र सर्कलचाच दिसणार. कॉल कुठल्या टॉवरवरून आला हे 112 सारख्या आपत्कालीन सेवेला कळू शकतं, दुकानदाराला नाही.

दुसरा, सरळ विचारायचा: ‘नांदेडसाठी एक दाबा.’ पर्याय शाखांचेच तीन ठेवा. मराठवाड्याचे आठ जिल्हे वाचत बसलात तर हिंगोली येईपर्यंत समोरचा फोन ठेवून देईल. अहमदपूरचा गिऱ्हाईक जिल्ह्याने लातूरचा, पण बाजारहाट नांदेडला असेल तर तो नांदेडच दाबेल. ते त्यालाच ठरवू द्या. पिनकोड मात्र विचारू नका. एक तर तो पाठ नसतो, आणि 431 संभाजीनगरलाही चालतो, नांदेडलाही.

तिसरा, जुन्या बिलावरचा नंबर जुळला की कॉल थेट त्याच शाखेत. जुन्या गिऱ्हाइकासाठी याला तोड नाही. मात्र बिलावर पुतण्याचा नंबर आणि फोन काकांचा, असं सर्रास होतं. नंबर जुळला नाही तर कॉल आपोआप दुसऱ्या मार्गावर जायला हवा. माझं मत या जोडीलाच.

1800 चा नंबर घेतलात तर मिनिटांचे पैसे तुमच्या खिशातून जातात, चुकीच्या शाखेत घुटमळलेल्या मिनिटांचेही. आता बहुतेकांकडे अमर्याद कॉलचा पॅक असतो. साधा नंबर पुरे.

करार करण्याआधी विक्रेत्याला एवढं समोर करून दाखवायला सांगा: लातूरला कोणी उचललं नाही, तर कॉल किती सेकंदांनी आणि कुठे जातो.